आंबवलेल्या ढेपेत युरिया! ब्रॉयलरवाल्या भावांनो, सावध राहा

वर्धा जिल्ह्यात आमचं ब्रॉयलरचं शेड आहे. सोयाबीन ढेपेचे भाव चढले की ‘आंबवलेली सरकी ढेप’ विकणारे गावोगाव फिरू लागतात. त्यातल्याच एकाने आम्हाला लुबाडलं, तेही लॅबचा रिपोर्ट हातात देऊन. रिपोर्टवर प्रथिनं ४० टक्के.

त्याचं बोलणं निम्मं खरं होतं. सरकीतलं गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य कोंबड्यांना बाधतं आणि नीट आंबवलं की कमी होतं. पण टरफलासकट गाळलेल्या सरकीच्या ढेपेत प्रथिनं २२-२३ टक्क्यांच्या आसपास असतात. आंबवून थोडी भर पडते, दुप्पट होत नाहीत. मुठीत घेतलेल्या ढेपेत काळी टरफलं आणि रुईचे तंतू उघड दिसत होते. मग ४० आले कुठून?

युरियातून. लॅब सहसा नायट्रोजन मोजते आणि ६.२५ ने गुणून प्रथिनांचा आकडा काढते. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो. शंभर किलोत सातेक किलो मिसळला की आकडा चाळिशीला टेकतो. गाई-म्हशींच्या पोटात त्याचं थोडंफार प्रथिन बनतं, कोंबडीच्या नाही. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांची, आणि हा माणूस ती प्रथिनांच्या भावाने मुक्या पिल्लांच्या तोंडी घालतो! चीड येते.

पक्षी सारखे पाण्यावर, खालचं तूस चिंब, शेडमध्ये शिरलं की डोळे चुरचुरायचे, आणि वजन काही धरत नव्हतं. फोन केला तर म्हणे, “भाऊ, आंबवलेल्या मालाला वास येणारच.” वास येतो, पण तो ताकासारखा आंबट. कट्टा उघडताच नाकात अमोनिया गेला तर माल उतरवूच नका.

घरी बघायचं तर ढेप पाण्यात कालवून गाळा, त्यात कच्च्या सोयाबीनचं पीठ टाका (भाजलेलं चालत नाही), थोडा वेळ थांबून लाल लिटमस बुडवा. चांगली आंबलेली ढेप आंबट असते, कागद लालच राहतो. निळा झाला तर युरियाचा दाट संशय धरा आणि लॅबमध्ये युरिया वेगळा तपासून मागा. सोबत अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विषही तपासा, कारण बुरशी लागलेली ढेप आंबवून खपवणारेही आहेत.

आमच्या चिठ्ठीवर ना बॅच नंबर, ना पत्ता, म्हणून तक्रार पुढे सरकली नाही. पैसे देण्याआधी पक्कं बिल घ्या, आणि उतरलेल्या कट्ट्यांतूनच नमुना काढून दोघांच्या सहीने सील करा.