नवा फोन घेताना: अँड्रॉइडवरच राहावे की आयफोनकडे वळावे?

दीर्घकाळ मिळणारे अपडेट हे आयफोनकडे वळण्याचे सबळ कारण होते. २०१८ च्या आयफोन एक्सएसला २०२४ मध्ये आयओएस १८ (आयफोनची कार्यप्रणाली) मिळाले. मात्र गूगलचा पिक्सेल ८ आणि सॅमसंगचा गॅलेक्सी एस२४ या अँड्रॉइड फोनांना ७ वर्षांच्या अपडेटची हमी मिळाल्यापासून, निदान महागड्या फोनांपुरता, हा फरक जवळजवळ मिटला आहे. खरी अडचण स्थलांतराची आहे. व्हॉट्सअ‍ॅपचा गूगल ड्राइव्हवरील बॅकअप आयफोनवर थेट उतरवता येत नाही. नवा आयफोन प्रथम सुरू करतानाच ‘मूव्ह टू आयओएस’ अ‍ॅपद्वारे जुने चॅट आणणे इष्ट, म्हणून तोवर जुना फोन मुळीच विकू नये. विकत घेतलेली बहुतेक अ‍ॅप्स पुन्हा घ्यावी लागतात. यूपीआयची नोंदणी मात्र नवा फोन अँड्रॉइड असो वा आयफोन, नव्याने करावीच लागते. घरातील इतरांकडे आयफोन असतील तरच मी बदल सुचवेन. एरवी त्याच पैशांत जास्त स्टोरेजचा अँड्रॉइड घ्यावा.