झिल-१३५ की माझ-५४३?

शीतयुद्धात सोव्हिएत सैन्याला रॉकेटं चिखला-बर्फातून वाहून न्यायची होती. त्यासाठी आठही चाकांना ताकद देणारे हे दोन ट्रक तयार झाले. काम एकच, पण विचार पूर्ण वेगळा.

मॉस्कोच्या झिल कारखान्यात अभियंते विताली ग्राचोव्ह यांनी झिल-१३५ मध्ये दोन पेट्रोल इंजिनं बसवली, प्रत्येकी १८० अश्वशक्तीची. एक इंजिन डाव्या बाजूची चार चाकं फिरवतं, दुसरं उजवीकडची. त्यामुळे दोन्ही बाजूंमध्ये डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची जोडणी) लागतच नाही. एक इंजिन बंद पडलं तरी गाडी रखडत का होईना पुढे सरकते. चार अॅक्सलपैकी (समोरासमोरच्या चाकांच्या जोड्यांपैकी) पहिला आणि शेवटचा वळतो, म्हणून एवढी लांब गाडी बरीच कमी जागेत वळते. मला ही रचना मनापासून आवडते. पण दोन इंजिनं, दोन गिअरबॉक्स म्हणजे देखभालही दुप्पट, आणि पेट्रोलची भूक मोठी.

मिन्स्कच्या माझ कारखान्यातले अभियंते बोरिस शापोश्निक यांच्या माझ-५४३ ने सरळ रणगाड्याच्या वंशातलं व्ही-१२ डिझेल इंजिन घेतलं, ५२५ अश्वशक्तीचं. पुढचे दोन अॅक्सल वळतात. केबिन दोन, आणि त्यांच्यामधल्या जागेत स्कड क्षेपणास्त्राचं टोक आडवं विसावतं. भार वाहण्याची क्षमता सुमारे २० टन. झिलची त्याच्या निम्म्याच्या आसपास.

लुना-एम आणि उरागान रॉकेटांसाठी झिल पुरेसा होता. स्कड क्षेपणास्त्र आणि स्मेर्च रॉकेटांसारख्या जड यंत्रणांसाठी मात्र मी बिनदिक्कत माझ निवडेन.