भूतानच्या दारातून परत आलो. आधार मागितलं तेव्हाच कळायला हवं होतं

71,900 रुपये गेले. विमानाची तिकिटं वेगळी. ती आम्हीच काढली होती, म्हणून निदान ती तरी खरी निघाली.

आमच्या घरातली ही पहिलीच परदेशवारी. मी, नवरा, सासूबाई आणि नऊ वर्षांची मुलगी. भूतान ठरवलं, कारण आपल्याला व्हिसा लागत नाही आणि पासपोर्ट नसला तरी मतदार ओळखपत्रावर जाता येतं. एजंटचा नंबर सोसायटीच्या ग्रुपवर आला होता, "मेव्हण्याच्या ओळखीचा आहे" म्हणून. आता कोणाचा मेव्हणा आणि कसली ओळख, कोणी बोलायला तयार नाही.

आधी बुकिंगचे 10,000. मग एसडीएफचे, म्हणजे भूतान सरकार पर्यटकांकडून घेतं त्या शुल्काचे, 21,000. मग हॉटेल-गाडीचे 32,500. निघायच्या चार दिवस आधी "परमिट अर्जंटमध्ये करावं लागतंय" म्हणून 8,400. सगळे यूपीआयने. क्यूआरवर कंपनीचं नाव नव्हतं, कोणा बाईचं नाव होतं. "अकाउंट मिसेसच्या नावावर आहे, ताई." असं उत्तर आलं की त्याच क्षणी थांबा.

मी डोळे मिटून पैसे दिले असं कृपा करून कोणी म्हणू नका. भूतान भारतीयांकडून सप्टेंबर 2022 पासून माणशी दर रात्री 1,200 रुपये शुल्क घेतं, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं. थिंफू दोन रात्री, पुनाखा एक, पारो दोन. तिघा मोठ्यांचे 18,000, मुलीचे 3,000. मी स्वतः गुणाकार करून बघितला, रुपयाचाही फरक नव्हता. हिशेब इतका चोख, म्हणून माणूसही चोख वाटला. सरकारी शुल्क त्याने अचूक सांगितलं आणि ते अचूक शुल्कच खिशात घातलं.

पण एक गोष्ट मला अजून झोपू देत नाही. एका रात्री त्याचा मेसेज आला: "ताई, चौघांचं आधार पुढून-मागून पाठवा." मी ओट्यापाशी उभी राहून ओल्या हातांनी आठ फोटो पाठवले. भूतानमध्ये जायला आधार चालत नाही. मोठ्यांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, लहान मुलांना पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला. हे मी वाचलेलं होतं! रोज परमिटं काढणारा माणूस आधार मागेलच कसा? विचारलं तर म्हणाला, "आता नियम बदललाय." आणि मी गप्प बसले. नवऱ्याची रजा मंजूर झाली होती, सासूबाईंचा स्वेटर आणून झाला होता, मोडता घालायची हिंमत झाली नाही.

बागडोगऱ्याहून सीमेवरच्या जयगावला 3,800 रुपये देऊन टॅक्सीने गेलो. पलीकडे भूतानचं फुंटशोलिंग. भूतानची वेळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे, म्हणून मुलीने टॅक्सीतच घड्याळ पुढे करून ठेवलं होतं. इमिग्रेशनच्या खिडकीवर मी परमिटचा प्रिंट पुढे केला. चौघांच्या नावांपुढे एकच नंबर होता. अधिकाऱ्याने तो दोनदा टाकून बघितला, कागद उलटा करून बघितला आणि शांतपणे सांगितलं, अशी नोंदच नाही. मतदार ओळखपत्रं दाखवली तर नव्याने अर्ज करता येईल, म्हणाला. फक्त नवऱ्याचं पाकिटात होतं. सासूबाईंचं आणि माझं घरी, मुलीचा जन्मदाखलाही घरी. परमिट ऑनलाइन स्वतः काढता येतं, शुल्क स्वतः भरता येतं. कोणालाही मध्ये घालू नका. आणि अस्सल कागद जवळ ठेवा, कोणी काहीही सांगो.

एजंटचा फोन तेव्हापासून बंद.

परत आल्यावर पोलीस ठाण्यात गेलो. "हा दिवाणी व्यवहार आहे, ग्राहक मंचात जा." खोटं सरकारी परमिट बनवून दिलं, हा दिवाणी व्यवहार? दुसऱ्या दिवशी सायबरकडे पाठवलं. तिथे म्हणाले, "पैसे तुम्ही स्वखुशीने पाठवलेत, आणि खातं परराज्यातलं आहे, तिकडे तक्रार करा." हद्द कोणतीही असो, गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 मी छापून नेलं होतं. साहेबांनी हातात घेऊन बघितलंसुद्धा नाही. "मॅडम, कायदा आम्हाला शिकवू नका." तीन वेळा अर्ज लिहून घेतला, तिन्ही वेळा मजकूर वेगळा हवा होता आणि पोच एकदाही दिली नाही. बँकेत गेले तर "पिन तुम्हीच टाकलात ना?" टाकला! चोराला टाकला, म्हणून चोरी माफ होते का? आमचे चार दिवस या टेबलावरून त्या टेबलावर गेले. सासूबाई दोन तास बाकावर बसून होत्या, त्यांना कोणी पाणीही विचारलं नाही. ज्याने लुबाडलं त्याला एक फोन लावायला कोणाला वेळ नाही, आणि आम्हाला मात्र प्रत्येकजण विचारतो, "एवढं शिकलेले असून कसे फसलात?"

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर, फोन मी तिसऱ्या दिवशी केला. तोवर खात्यात काही उरलं नव्हतं. तुम्ही त्याच तासात करा, रडणं-भांडणं नंतर. चॅट डिलीट करू नका. रागाच्या भरात नवऱ्याने अर्धं उडवलं, आता तेच पुरावा म्हणून मागतायत.

सोमवारी पुन्हा ठाण्यात जाणार आहे. या वेळी पोच हातात पडल्याशिवाय बाकावरून उठणार नाही.