घाटाच्या गाडीला ऑटो स्लॅक: एक पावसाळा आणि निम्मा साखर हंगाम वापरल्यावर

आमची गाडी जुनी, दहा चाकी, २५१८ मॉडेलची ट्रक. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतलं कास्टिंग, हंगाम लागला की साखर, असा माल भरून ती गगनबावड्यावरून करूळ घाट उतरते आणि येताना बहुतेक वेळा जांभा चिरा घेऊन वर चढते. तिला पहिल्यापासून हातानं टाइट करायचे साधे स्लॅक (ब्रेकची मोकळीक कमी करायचे दांडे) होते. पावसाळ्याच्या तोंडावर सहाही चाकांचे (मागची जोडचाकं एकच धरून) स्लॅक काढून ती मोकळीक आपोआप घेणारे ऑटो स्लॅक अ‍ॅडजस्टर बसवले. आता पावसाळा सरला, साखरेचा हंगाम निम्म्यावर आला, आणि ओळखीचे गाडीवाले विचारतात की जुन्या गाडीवर हा खर्च करावा का. माझं मत सरळ आहे: गाडी घाटात चालत असेल तर करावा, आणि सीट कव्हर, केबिनचं पेंटिंग असल्या खर्चांच्या आधी करावा. पण चाकाच्या आतलं बाकी सामान धड असेल तरच. ते धड नसेल तर ऑटो स्लॅक उलट त्रास देतो. मी ते बघितलंय, पुढं लिहितो.

हा स्लॅक नक्की कुठं बसतो ते आधी. कॉम्प्रेसर हवा भरतो, ड्रायर तिच्यातलं पाणी काढतो, प्रोटेक्शन व्हॉल्व्ह ती वेगवेगळ्या टाक्यांत वाटतो, म्हणजे एका बाजूचा पाईप फुटला तरी दुसऱ्या बाजूचा ब्रेक शिल्लक राहतो. ड्रायव्हरनं पायातला ड्युअल व्हॉल्व्ह दाबला की हवा पुढं सुटते. मागची चाकं लांब, म्हणून चासीवर रिले व्हॉल्व्ह बसवलेला असतो. पायाकडून आलेल्या थोड्या हवेच्या इशाऱ्यावर तो जवळच्या टाकीतली भरपूर हवा बूस्टरला, म्हणजे चाकाजवळच्या ब्रेकच्या डब्याला, सोडतो. बूस्टरमध्ये रबरी डायफ्राम पुढं सरकतो आणि पुश रॉड बाहेर ढकलतो. हवेचं काम इथं संपलं. तिथून पुढं सगळं लोखंड. पुश रॉड स्लॅकला ढकलतो, स्लॅक कॅम शाफ्ट फिरवतो, शाफ्टच्या टोकाचा एस आकाराचा कॅम दोन्ही ब्रेक शू फाकवतो आणि शूवरचं लायनर चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला घासतं.

म्हणजे हवा आणि लोखंड यांच्यामधला सांधा हा वीतभर लांबीचा दांडा आहे. पैसे घालताना मात्र त्याचा नंबर शेवटी लागतो. टायर कुठला घ्यायचा यावर आपल्याकडं तासभर चर्चा होते, स्लॅकचं नावसुद्धा निघत नाही.

आकडे बघा. बूस्टरवर २४, ३० असा टाइप लिहिलेला असतो, तो डायफ्रामच्या क्षेत्रफळाचा, चौरस इंचात. २४ च्या बूस्टरला ६ बार हवा मिळाली की पुश रॉडवर साडेनऊशे किलोच्या आसपास जोर येतो, आणि स्लॅकच्या दांड्यामुळं तो शाफ्टला पीळ देतो. ताकद भरपूर आहे. पण हा रॉड बाहेर किती येऊ शकतो? साध्या २४ च्या बूस्टरचा पूर्ण स्ट्रोक ५७ मिलिमीटर, आणि ४४ च्या पुढं गेला की ब्रेक सैल झाला असं धरतात. ३० च्या साध्या बूस्टरला ६४ आणि ५१. स्ट्रोक त्या टोकाकडं गेला की जोर उतरायला लागतो, आणि आतली प्लेट टेकली की पायानं कितीही दाबा, लायनरला काही मिळत नाही. सगळा खेळ एवढ्या दोन बोटांच्या अंतरात आहे, आणि लायनर जसं झिजतं तसं तेच अंतर खाल्लं जातं.

घाटात याच्यावर आणखी एक गोष्ट चढते. ड्रम तापला की फुगतो, लायनरपासून लांब जातो. शिरोलीच्या यार्डात गार गाडीचा स्ट्रोक चाळीस भरला तर चालेल असं वाटतं; तीच गाडी करूळच्या निम्म्या उतारावर लोडसह तापली की तोच स्ट्रोक टोकाला जातो. आणि हे पायाला कळत नाही. कारमध्ये ऑइलचा ब्रेक, तिथं मोकळीक वाढली की पेडल खाली जातं, माणूस सावध होतो. हवेच्या ब्रेकात पाय फक्त व्हॉल्व्ह उघडतो. लायनर ड्रमपासून किती लांब आहे याचा पेडलला पत्ताच नसतो. सैल ब्रेकची गाडी आणि टाइट ब्रेकची गाडी पायाला जवळपास सारखीच लागते. मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत धोक्याची गोष्ट हीच वाटते, आणि ती वर्षानुवर्षं गाडी चालवणाऱ्यांनाही कुणी नीट समजावून सांगितलेली नसते.

साध्या स्लॅकला यावर उपाय पाना. मिस्त्री गाडीखाली शिरतो, स्लॅकमधला वर्म (आट्यांचा स्क्रू) फिरवून लायनर ड्रमला टेकवतो, मग थोडं मागं सोडतो. काम सोपं आहे, पण ते वेळेवर व्हायला हवं, आणि हंगामात गाडी थांबत नाही. शिवाय सहा चाकांना सहा वेगवेगळे अंदाज लागतात. एक चाक आधी धरतं, दुसरं नंतर.

ऑटो स्लॅकच्या आतही वर्म आणि गिअरच असतात, फक्त एक कंट्रोल आर्म अ‍ॅक्सलच्या ब्रॅकेटला पक्का बांधलेला असतो. दांडा प्रत्यक्ष किती फिरला हे त्याच्याशी ताडून आतली यंत्रणा ठरवते. आम्ही बसवलेला प्रकार मोकळीक मोजणारा आहे: लायनर ड्रमला टेकेपर्यंतची हालचाल वेगळी, टेकल्यावर ड्रम-शाफ्ट ताणून होणारी हालचाल वेगळी, हा फरक तो करतो. ठरल्यापेक्षा जादा झालेली मोकळीक तो एका दमात घेत नाही, दर ब्रेकला थोडी थोडी कमी करत जातो.

बसवताना एक दिवस पुरेल असं वाटलं होतं, त्यापेक्षा जास्त गेला. शाफ्टवरची स्प्लाइन किती दात्यांची, दांड्याची लांबी किती, डावा-उजवा कुठला, कंट्रोल आर्मचं ब्रॅकेट या अ‍ॅक्सलला बसतं का, हे सगळं जुळावं लागतं. दांड्याची लांबी बदलली तर ब्रेकचा जोरच बदलतो, म्हणून "एवढ्यानं काय होतंय" म्हणणाऱ्याकडून बसवू नका. उचगावजवळच्या आमच्या मिस्त्री मामांनी चाकं खोलल्यावर मागच्या दोन कॅम बुशा (कॅम शाफ्ट ज्यात फिरतो त्या) हलत असलेल्या दाखवल्या. म्हणाले, "मालक, ह्या बदलल्याशिवाय ऑटो बसवायचा नाही. पैसे वाया जातील." बदलल्या. अ‍ॅक्सलवर जोडीनं बसवायचा, एकीकडं ऑटो आणि एकीकडं साधा असं करायचं नाही, हेही त्यांचंच. सगळं सामान मिळून खर्च एका नव्या टायरच्या आसपास गेला, बुशा आणि मजुरी वेगळी.

फरक पहिल्यांदा हवेच्या काट्यावर दिसला. स्ट्रोक लांब असला की दर दाबाला बूस्टरमध्ये जास्त हवा भरावी लागते, आणि उतारावर पाय पुन्हा पुन्हा लागला की टाकी उतरायला लागते. आमचे ड्रायव्हर मामा दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर म्हणाले, "घाटात काटा आता एवढा पडत नाही." ब्रेक मारल्यावर गाडी डावीकडं ओढायची, ते गेलं. हँडब्रेकही नीट धरतो; तोही त्याच पुश रॉडवर, त्याच स्लॅकवर चालतो, फक्त हवेऐवजी बूस्टरच्या मागच्या खोलीतली स्प्रिंग ढकलते. त्या स्प्रिंगचासुद्धा लांब पसरली की जोर कमी होतो, त्यामुळं सैल स्लॅक म्हणजे सैल हँडब्रेक. (ती मागची खोली कुणीही, कधीही खोलू नये. आतल्या स्प्रिंगनं माणसं मेलीत.)

आता त्रासाचं. दिवाळीच्या आधी वैभववाडीत उतरल्यावर मागचं डावं एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं दिसलं. घाट उतरून थांबलं की इन्फ्रारेड थर्मामीटरनं सगळे ड्रम मोजायची सवय आम्ही लावून घेतलीय, म्हणून कळलं. नुसत्या वासावर अवलंबून राहिलो असतो तर फार उशिरा कळलं असतं. रस्त्याकडेच्या एका गॅरेजवाल्यानं लगेच निकाल दिला, "ऑटोमुळं होतंय, काढून टाका", आणि पाना लावून स्लॅक मागं सोडायला निघाला. ते करू दिलं नाही. ऑटो स्लॅक मागं फिरवताना कटकट आवाज होतो आणि पान्याला बराच जोर लागतो. सारखं तसं केलं तर आतला क्लच खराब होतो. आणि मागं सोडला तरी पुढच्या ब्रेकांत तो पुन्हा तिथंच येणार, कारण मूळ दोष दुसरीकडंच असतो. कोल्हापुरात चाक खोललं तर शूची रिटर्न स्प्रिंग ढिली पडलेली आणि त्या बाजूची बुश, जी बसवताना ठीक वाटली म्हणून ठेवली होती, तीही खेळत होती. शाफ्ट बुशीत हलला की ती हालचाल स्लॅकला मोकळीक वाटते आणि तो टाइट करत राहतो. स्प्रिंग आणि बुश बदलली, चाक गार झालं. तेव्हापासून मी सांगतो, जुन्या गाडीला ऑटो बसवायचा तर बुशा, रोलर, रिटर्न स्प्रिंगा सगळ्या नव्या घाला, "अजून चालेल" म्हणून एकही ठेवू नका.

तापलेल्या ड्रमवर पाणी ओतायची आपल्याकडं जुनी खोड आहे. ड्रमला तडे त्यानंच जातात. उभं राहा, गार होऊ द्या.

गगनबावड्याचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना ड्रायरबद्दल वेगळं सांगायला नको. हवेत ओल इतकी, की ड्रायरचं ओल शोषणारं कार्ट्रिज दमलं की पाणी सरळ टाकीत आणि तिथून व्हॉल्व्हांत. आम्ही स्लॅकबरोबरच कार्ट्रिज बदललं, आणि सकाळी टाकीची ड्रेन कॉक ओढून बघणं सोडलेलं नाही. नुसतं पाणी आलं तर ड्रायर बघायचा, काळं तेल मिसळून आलं तर कॉम्प्रेसर. पावसाळ्यात स्लॅकला ग्रीसही जास्त लागलं. निपलमधून जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारायचं. कंट्रोल आर्मच्या बुशीत चिखल अडकतो, तिकडं लक्ष ठेवा.

"ऑटो" नावामुळं लोक तपासणी बंद करतात, ते चुकीचं आहे. आम्ही महिन्याला स्ट्रोक मोजतो. गाडी सपाटीवर, चाकांना दगड, हँडब्रेक सोडलेला, हवेचा काटा ६ बारच्या आसपास. बूस्टरच्या तोंडाशी पुश रॉडवर खडूची खूण करायची, एकानं वर पूर्ण ब्रेक दाबून धरायचा, खाली खूण किती पुढं आली ते पट्टीनं मोजायचं. साध्या स्लॅकच्या काळात आमच्याकडं सहा चाकांचे आकडे विस्कळीत यायचे. आता सगळी चाकं तिशीच्या घरात आणि एकमेकांच्या जवळ आहेत. कुठलं एखादं चाक सारखं लांब भरायला लागलं तर तिथं पाना लावायचा नाही, चाक खोलायचं.

ज्यांची गाडी फक्त हायवेला पुणे-बंगळूर चालते आणि मिस्त्री नियमानं ब्रेक टाइट करतो, त्यांना घाई नाही. करूळ, फोंडा, आंबा, आंबोली यातला एकही घाट भरल्या गाडीनं उतरत असाल तर थांबू नका. घेताना बिलासह, पार्ट नंबर बघून घ्या; दिसायला तसाच पण स्वस्तातला माल बाजारात आहे आणि आतला क्लच बाहेरून दिसत नाही. आमच्या दुसऱ्या गाडीच्या बुशा आणि स्प्रिंगा आणून ठेवल्यात, हंगाम संपला की तिलाही बसवणार.