माइनक्राफ्टचा कॅम्पफायर: काही महिने रोज वापरल्यावर

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या (ब्लॉकच्या) व्हिडिओ गेममध्ये बरेच जण कॅम्पफायर, म्हणजे शेकोटी, शोभेपुरता लावतात आणि मांस भाजायला फर्नेसकडे, म्हणजे भट्टीकडे जातात. सर्व्हायव्हलमध्ये (सगळं स्वतः जमवून तगून राहायच्या प्रकारात) काही महिने घालवल्यावर माझं मत उलट झालंय, निदान सुरुवातीच्या दिवसांपुरतं तरी.

बनवायला ३ काड्या, ३ ओंडके आणि मध्ये एक कोळसा, बस्स. दगडी कोळसा नसेल तर लाकडी चालतो, ओंडके कुठल्याही झाडाचे चालतात. ठेवला की आपोआप पेटलेला असतो, पावसात विझत नाही आणि लाकडी घरात ठेवला तरी आग पसरत नाही. उजेड पूर्ण १५, म्हणजे गेममधला सर्वात जास्त. त्यावर पाय पडला तर मात्र चटका बसतो, तेव्हा दाराच्या वाटेत नको.

वेगाचं गणित लोक चुकीचं मांडतात. फर्नेस एक तुकडा १० सेकंदांत भाजतो, कॅम्पफायर ३० घेतो. पण इथे चार तुकडे एकदम बसतात, म्हणजे चारही जागा भरल्या तर तुकड्यामागे साडेसात सेकंद, तेही इंधनाशिवाय! कोळसा टॉर्चसाठी (मशालींसाठी) वाचवायचा असतो तेव्हा हे फार मोलाचं. स्मोकर (फक्त अन्न भाजणारी भट्टी) याहून वेगवान आहे, पण त्याला इंधन लागतंच.

तोटेही आहेत. फर्नेसमधून भाजलेलं काढताना एक्सपी (अनुभवाचे गुण) मिळतो, इथे काहीच नाही. हॉपरने (वस्तू आपोआप पुढे सरकवणाऱ्या नरसाळ्याने) कच्चा माल भरता येत नाही, प्रत्येक तुकडा हाताने ठेवायचा. भाजून झालं की तो उडून बाजूला पडतो, मग वेचत बसा. आणि सिल्क टच (वस्तू आहे तशी उचलू देणारी हत्यारावरची जादू) नसताना फोडला तर कॅम्पफायर परत मिळत नाही, फक्त २ लाकडी कोळसे हातात येतात. तीन ओंडके गेले ते गेलेच. रोज मुक्काम हलवणाऱ्याला हे खुपेल.

मधमाश्या पाळणाऱ्याने तर हा घ्यायलाच हवा. पोळ्याखाली पाच ब्लॉकच्या आत पेटता कॅम्पफायर असेल, तर कात्रीने मेण काढा किंवा बाटलीत मध भरा, माश्या चिडत नाहीत. फक्त तो जमिनीत एक ब्लॉक खाली बसवून वर कार्पेट टाका, नाहीतर खाली उतरलेल्या माश्या भाजून निघतात.

धुराचा दुसरा उपयोग घर शोधायला. साधा धूर १० ब्लॉक वर जातो, कॅम्पफायरखाली गवताचा भारा ठेवला तर २४. नको तेव्हा फावड्याने विझवा, चकमकीने परत पेटवा.

निळा सोल कॅम्पफायर मी घरात लावत नाही. उजेड १० च, चटका दुप्पट, भाजायचा वेग मात्र तोच. पिगलिन (नेदर या आगीच्या दुनियेतले डुकरासारखे प्राणी) त्याला घाबरतात, त्यामुळे नेदरमधल्या तळाभोवती तो चांगला.