होडीच्या सुकाणूला ऑटोपायलट बसवला, आठ महिन्यांनंतरचा अनुभव

भुसावळला लोको शेडमध्ये आयुष्य गेलं, आता रिटायर. लोक रिटायर झाल्यावर केळीचा बाग बघतात, मी सेकंडहँड शिडाची होडी घेतली. १७ फुटी, फायबरची, मुंबईहून ट्रकवर कसारा घाट चढवून आणली. हतनूर धरणाच्या पाण्यात चालवतो, कधी वर चांगदेवकडे, जिथे तापी-पूर्णेचा संगम आहे. सोबत कोणी येत नाही. एकट्याची अडचण अशी की सुकाणूचा दांडा सोडला रे सोडला की होडी वाऱ्यात तोंड घालते, म्हणजे शीड उतरवा नाहीतर चहा ओता, सगळं एका हाताने, आणि दांडा गुडघ्यात धरून.

म्हणून टिलर पायलट, म्हणजे सुकाणूच्या दांड्याला लावायचा ऑटोपायलट, मागवला. कस्टम धरून सत्तर हजाराच्या घरात गेला, घरी अजून खरा आकडा सांगितलेला नाही. वस्तू तशी साधी. एक नळी, तिच्यातून दांडी आत-बाहेर होते, दांडीचं टोक सुकाणूच्या दांड्यावरच्या पिनमध्ये अडकवायचं, नळीचं बूड बाजूच्या बाकावरच्या सॉकेटमध्ये. आत होकायंत्र आणि छोटी मोटर. होडी हव्या त्या दिशेला लावली, ऑटो दाबलं, की तीच दिशा धरून ठेवतो. माझं लहानात लहान मॉडेल, ३ टनांपर्यंतच्या बोटींसाठी, माझी होडी मला धरून पाऊण टनसुद्धा नाही.

बसवताना मापात चुकलो. सुकाणू जिथे फिरतं त्या अक्षापासून पिन ४६० मिमीवर, आणि पिनपासून सॉकेट ५८९ मिमीवर, असं पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. माझं सुकाणू मागच्या फळीला बाहेरून बिजागऱ्यांवर टांगलेलं, तर माप बिजागरीपासून धरायचं, मी धरलं दांड्याचं लाकूड सुरू होतं तिथपासून. पिन सहाएक सेंटिमीटर पुढे गेली. मग दांडी तेवढीच सरकते पण सुकाणू कमी वळतं, झुळूक आली की होडी मनाला येईल तिकडे. तीस वर्षं मोजमापात काढलेल्या माणसाने ही चूक करावी! जुनं भोक भुसा-इपॉक्सीने बुजवून परत ६ मिमीचं पाडलं. सॉकेटखाली सागवानाचा तुकडा नक्की लावा, नुसतं फायबर दर धक्क्याला लवतं. आणि दांडा मधोमध असताना नळी त्याला काटकोनात आणि लेव्हलमध्ये हवी.

वायर आधी घरातली बारीक वापरली, मोटरवर लोड आला की व्होल्टेज पडायचं आणि यंत्र बंद होऊन परत चालू व्हायचं. २.५ स्क्वेअर मिमीची जाड टाकल्यावर थांबलं. करंट तसा फार खात नाही, काम करताना अर्धा ते दीड अँपिअर, २० अँपिअर-तासाची बॅटरी दिवसभर पुरते, फ्यूज मात्र विसरू नका.

होकायंत्र जुळवायला इंजिनवर हळूहळू गोल फेऱ्या माराव्या लागतात. काठावरचे भोई लोक जाळी सोडून बघत बसले, एकाने हाक मारून विचारलं, "काय करू राहिले भाऊ, काही पडलं का पाण्यात?" नंतर एकदा होडी सारखी डावीकडे ओढायला लागली, मी तासभर शीड, दोऱ्या, सगळं तपासलं, निघालं काय तर नळीच्या बाजूला ब्लूटूथ स्पीकर ठेवलेला, अहिराणी गाणी चालू, आणि त्याच्या चुंबकाने होकायंत्र फिरवलेलं. आता स्पीकर पुढे, स्टोव्हही पुढे.

गेनचा, म्हणजे होडी भरकटली की यंत्र दांडा किती फिरवतं त्याचा, आकडा कंपनीकडून पाचवर येतो, त्यावर माझी होडी कुत्र्याच्या शेपटीसारखी हलायची, तीनवर आणला. अधिक एक आणि अधिक दहा अंशांची बटणं एकदम दाबली की आपोआप शंभर अंश वळते अशी सोय आहे, हिवाळ्याच्या मंद वाऱ्यात मात्र माझी होडी वाऱ्यासमोर जाऊन उभीच राहते, मी हातानेच वळवतो.

मोठी गोष्ट ही की याला दिशा कळते, वारा कळत नाही. धरणावर वारा कधी कुठून येईल सांगता येत नाही, एप्रिलमध्ये मागून वारा घेऊन चाललो होतो, वारा फिरला, यंत्र आपली दिशा धरून बसलं आणि शिडाच्या खालची आडवी काठी धाडकन या बाजूची त्या बाजूला गेली, डोकं थोडक्यात वाचलं. मागून वारा असला की आता यंत्र बंदच. जाळ्याच्या प्लास्टिक बाटल्यांवरूनही सरळ गेला एकदा. जाळंवाला म्हणाला, "तुमच्या यंत्राले डोये नाही का भाऊ?" जाळ्याचे पैसे दिले. आणि एकटे असाल तर लाईफ जॅकेट आणि कमरेची दोरी बांधाच, कारण तुम्ही पाण्यात पडलात तरी होडी थांबणार नाही, नीट सरळ निघून जाईल.

मे महिन्यात उन्हाने स्क्रीन काळा पडतो, आकडे दिसत नाहीत, वर ओला पंचा टाकतो मग दिसतात. दांडी जिथून बाहेर येते तिथून पाणी आत जाऊन एकदा काचेवर वाफ धरली होती, त्यावर मोटरसायकलच्या फोर्कचं रबरी बूट चढवलं, कंपनीच्या कव्हरचे पैसे वाचले.

दोघं जण जात असाल तर घेऊ नका, दुसऱ्याच्या हातात दांडा द्या. मला चहाला, शीड उतरवायला, उन्हात पाच मिनिटं पाठ टेकायला हवा होता, तेवढं तो करतो. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडतात, होडी बाहेर, तोवर यंत्र बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवलंय, दिवाळीनंतर परत पाण्यात.