कोड साइनिंग टोकन: सर्टिफिकेट चांगलं, यूएसबीचा जाच फार

कोड साइनिंग म्हणजे सॉफ्टवेअरवर कंपनीची डिजिटल सही. त्यासाठीच्या ओव्ही (कंपनीची पडताळणी करून मिळणाऱ्या) सर्टिफिकेटबद्दल तक्रार नाही. नाशिकमधल्या सातपूरच्या ग्राहकाला इन्स्टॉलर चालवताना ‘अननोन पब्लिशर’ऐवजी कंपनीचं नाव दिसतं. तक्रार टोकनची, म्हणजे सहीची की ठेवलेल्या यूएसबी उपकरणाची.

1 जून 2023 पासून कोड साइनिंगची खासगी की (सही करायची गुप्त किल्ली) प्रमाणित हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते. पीएफएक्स फाइल (सर्टिफिकेट आणि की एकत्र) बिल्ड मशीनवर, म्हणजे सॉफ्टवेअर जिथे तयार होतं त्या मशीनवर टाकली की झालं, हे दिवस गेले. पण मशीन अंबडला आणि माणूस गंगापूर रोडला घरी असेल, तर रिमोट डेस्कटॉपमधून तिकडे लावलेलं टोकन दिसतच नाही. त्या सेशनमध्ये विंडोज आपल्या हाताखालच्या लॅपटॉपचा स्मार्टकार्ड रीडर जोडतं. लोक मात्र ड्रायव्हर पुन्हापुन्हा टाकत बसतात. टोकन लॅपटॉपला लावा, नाहीतर व्हीएनसी (दूरून स्क्रीन वापरण्याचं दुसरं सॉफ्टवेअर) वापरा. एवढ्यासाठी कोणीतरी ऑफिसला जाऊन यायचं, म्हणजे पेट्रोल वेगळं!

पासवर्डची खिडकी दर ईएक्सई, डीएलएलला येते. टोकनसोबतच्या सेफनेट क्लायंट सॉफ्टवेअरमध्ये ‘सिंगल लॉगऑन’ चालू केलं की एकदाच विचारते. स्क्रिप्टमध्ये चुकीचा पासवर्ड राहिला तर टोकन लॉक होतं. अ‍ॅडमिन पासवर्ड नसेल तर टोकन पुसावं लागतं आणि की जाते.

ईव्ही (जास्त कडक पडताळणीचं, महाग सर्टिफिकेट) घेतलं असतं तर स्मार्टस्क्रीनची, म्हणजे अनोळखी प्रोग्रॅमबद्दल विंडोज दाखवतं ती निळी खिडकी टळली असती, असं आधी मत होतं. आता नाही. 2024 पासून मायक्रोसॉफ्ट ईव्हीलाही आयती पत देत नाही. डाउनलोड वाढतील तशीच ती जमते. जास्तीचे पैसे वाचले.

सीएंनी जीएसटीसाठी काढून दिलेलं क्लास 3 डीएससी (डिजिटल सही सर्टिफिकेट) इथे चालत नाही. टोकन दिसायला तसंच, पण त्यातल्या सर्टिफिकेटला कोड साइनिंगचा वापर मंजूर नसतो.

टाइमस्टॅम्प, म्हणजे सही कधी केली याची नोंद, मात्र विसरू नका. साइनटूलला (मायक्रोसॉफ्टचं सही करायचं साधन) ‘टीआर’ने सर्व्हरचा पत्ता आणि ‘टीडी’ने एसएचए256 (हॅशची पद्धत) द्या. टाइमस्टॅम्प नसेल तर सर्टिफिकेट संपताच जुने इन्स्टॉलरही अवैध दिसतात, आणि 1 मार्च 2026 पासून नव्या सर्टिफिकेटची मुदत जास्तीत जास्त 460 दिवसच. आधी आतल्या फाइल साइन करा, मग सेटअप बांधा, मग सेटअप साइन करा. साइन केल्यावर फाइल यूपीएक्सने (ईएक्सई लहान करणारं साधन) दाबली की सही मोडलीच.

सही तपासताना साइनटूलच्या ‘व्हेरिफाय’ कमांडला ‘पीए’ स्विच द्या, नाहीतर साइनटूल ड्रायव्हरचे नियम लावतं आणि चांगली सहीही नापास करतं.